आकाश फुकट, वाट विकत

नोकरीत काय केलं असं कोणी विचारलं की मी सांगतो, वाटा विकत घेतल्या. ऐकणाऱ्याला वाटतं, हा जमिनीचा दलाल असावा. मग मी बोट वर करतो आणि म्हणतो, तिथून एक निरोप यायचा. तो संत्र्याच्या झाडाखाली उभ्या माणसापर्यंत न्यायची वाट मी विकत घ्यायचो. वरचं सगळं फुकट होतं. पैसे पडायचे ते खाली, जमिनीवर.

आता इतकी वर्षं लोटली की हे सगळं मलाच स्वप्नात पाहिल्यासारखं वाटतं. दुपारी खाटेवर आडवा झालो की अकोल्याच्या पेढीतला काळा फोन वाजतो. कागदावर ओळीओळीनं ढग उतरू लागतात. हिरव्यागार बागेतून पांढरी लुगडी चालत जातात. डोळे उघडावे तर वर पंखा फिरत असतो. पण ते स्वप्न नव्हतं. त्यातल्या एका रस्त्यावरून माणसं आजही चालतात.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील अमरावतीला जिनात कामगार होते. कापसाचा भुगा त्यांच्या भुवयांवर कायमचा बसलेला. छप्पन साली आमच्या घरानं धम्म घेतला आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत मी भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सी झालो. हे मी मिरवून सांगतो. मिरवायला दुसरं काही नव्हतं, आणि हे मला कोणी दिलेलं नव्हतं. नोकरी लागली ती संत्रा बागायतदारांच्या एका सहकारी संघात, कारकुनाची. संघाचे अध्यक्ष दादासाहेब मला नावानं कधी हाक मारत नसत. ‘बीएस्सी’ म्हणत. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे त्या दिवशीच्या त्यांच्या पित्तावर अवलंबून असे.

साठीच्या दशकातली गोष्ट. एके दिवशी दादासाहेब पेपर घेऊन माझ्या टेबलाशी आले.

“बीएस्सी, हे खरं काय? वरतून ढगाचा फोटो काढते म्हनते.”

“खरं आहे दादासाहेब. परदेशाचा उपग्रह आहे. फिरता फिरता खालचा फोटो काढतो आणि तिथल्या तिथं खाली सोडून देतो. ज्याच्याकडे यंत्र आहे त्यानं झेलावा. मुंबईला झेलतात.”

“पैसे?”

“झेलण्याचे नाहीत.”

“मंग त्याले म्हना, आमच्या बागेवरचा काढ.”

ते हसण्यावारी बोलले, पण त्यांच्या डोक्यात गार होती. बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. आमच्याकडे मृग बहाराचं संत्रं फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत उतरतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत सातपुड्याकडून गारपीट येते. गारेचा मार बसलेलं फळ वरून बरं दिसतं, पण सालीला चीर पडलेली असते, आणि पेटीत गेलं की ते शेजारच्यालाही घेऊन सडतं. गार थांबवता येत नाही. पण दिवसभर आधी कळलं, तर तयार फळ उतरवून छपराखाली नेता येतं. माझी पुढची नोकरी म्हणजे तो एक दिवस.

दादासाहेबांनी अट घातली. “एक मोसम पाहू. ढगाचा निरोप झाडापर्यंत पोचला त ठीक. नाही पोचला त तू आपला पेट्या मोज.”

मी आधी मुंबईला जाऊन ते यंत्र पाहून आलो. छपरावर एक मोठी वेटोळ्यावेटोळ्यांची अँटेना होती, आणि दोन माणसं ती हातानं फिरवत होती. आकाशात तो न दिसणारा पाहुणा जसा सरकेल तशी ती सरकवायची, लहान मूल चंद्राकडे मान वळवतं तशी. खाली खोलीत एक बारीक सूर चालू होता, टिटवीसारखा, थांबत थांबत. आणि त्या सुरातून कागदावर एकेक ओळ उतरत होती. आधी काळं, मग करडं, मग एकदम पांढरं. समुद्राची कड आली. ‘हा आपला भाग,’ असं म्हणत तिथल्या साहेबांनी पेन्सिल टेकवली. ती जागा माझ्या अंगठ्याच्या नखात मावत होती. त्या नखाखाली अमरावती होती, अकोला होतं, माझी आई होती.

घरी आलो तर माय भाकर थापत होती.

“आपलं घर दिसते काय रे त्याच्यात?”

“नाही माय. अमरावतीबी नाही दिसत.”

“मंग काय पाह्यलं?”

“ढग.”

“ढग पाह्याले मुंबईले गेला?” ती म्हणाली, आणि तव्यावरची भाकर उलटवली. “इथं का कमी हायत?”

पण त्या रात्रीपासून ती अंगणात खाट टाकली की वर बघत राहायची. एखादी चांदणी सरकताना दिसली की म्हणायची, “ते पाय, तुई फिरती चांदणी.” गावोगावी मग तेच नाव पडलं. उपग्रह कोणी म्हणालं नाही.

आता वाटेची गोष्ट. चित्र मुंबईला झेललं जायचं सकाळी. हवामान कचेरी त्यावरून दोन ओळींचा मजकूर करायची. तो उन्हं कलायच्या आत सातपुड्याच्या पायथ्याशी पोचला पाहिजे. मुंबई ते वरुड हे अंतर तेव्हा उपग्रहाच्या अंतरापेक्षा लांब होतं, असं मी म्हणतो तेव्हा लोक हसतात. ट्रंक कॉल सकाळी नोंदवावा तर संध्याकाळी लागायचा. तातडीचा लावावा तर संघाच्या कमिटीला घाम फुटायचा.

मग मी विचार केला, मुंबईशी रोज, न चुकता, ठरल्या वेळी कोण बोलतं? वऱ्हाडात याला उत्तर एकच. कापसाचा व्यापारी. अकोल्याच्या पेढ्यांना दुपारी मुंबईचे भाव यायचे. मी अकोल्याला गेलो आणि एका जुन्या पेढीच्या मुनीमजींपुढे बसलो. बैठकीची गादी, मागे लोड, समोर काळा फोन, आणि त्याच्यावर लहान मुलाच्या झबल्यासारखं जाळीचं कापड.

“क्या बेचने आए हो?”

“विकायला नाही, घ्यायला आलो.”

“कपास?”

“मिनिट.”

मुनीमजींनी चष्मा काढला. मी समजावलं. ट्रंक कॉल तीन मिनिटांच्या हिशेबानं लागतो. तुमचे भाव दोन मिनिटांत सांगून होतात, हे मी बाहेर बसून दोन दिवस ऐकलंय. तिसऱ्या मिनिटात तुम्ही काय करता?

“सेठजी की तबीयत पूछते हैं.”

“कशी असते?”

“तीस साल से अच्छी है.”

“मग ते मिनिट आम्हाला द्या.”

त्यांना हसू आलं, पण व्यापारी माणूस, माल बघितल्याशिवाय सौदा नाही. मी मुंबईहून आणलेली चित्राची प्रत पिशवीतून काढून गादीवर पसरली. ते वाकले. बराच वेळ बोटानं त्या पांढऱ्या ढिगांवरून फिरत राहिले.

“ये तो सब कपास है! इतना माल किसका?”

“कोणाचाच नाही.”

“जिसका मालिक नहीं, उसका भाव क्या लगाना?” त्यांनी कागदाची घडी केली आणि परत दिली. “ले जाओ मिनट. मोसम में संतरे भेज देना.”

माझ्या सगळ्या नोकरीतला सगळ्यात चांगला सौदा तो. मुंबईच्या आमच्या आडत्याचा माणूस हवामान कचेरीतून मजकूर घेऊन कापसाच्या पेढीवर उभा राहायचा. भाव संपले की तो बोलायचा. मुनीमजी ऐकायचे आणि अमरावतीच्या त्यांच्या शाखेत फोन करायचे. तिथे कापूस बाजारात मी बाकावर बसलेला असायचो. तिथून पुढे वरुडजवळच्या शेंदूरजनाघाटच्या पोस्टात फोन. पण मोर्शीच्या पलीकडे तार झाडांमधून गेलेली. वारा सुटला की आवाज बुडायचा. म्हणजे ज्या दिवशी निरोपाची खरी गरज, नेमकी त्याच दिवशी वाट बंद. म्हणून एसटीच्या कंडक्टरच्या हाती चिठ्ठी द्यायची दुसरी वाटही मी राखून ठेवली होती. या धंद्यात एक वाट म्हणजे वाट नव्हेच.

आणि एक नियम. निरोप जसा आला तसा पुढे द्यायचा. मुनीमजी मनानं फार मऊ. दुपारच्या जेवणाआधी कोणाला वाईट सांगायचं त्यांच्या जिवावर यायचं. एकदा मुंबईनं ‘दाट ढग’ म्हटलं, त्यांनी मला ‘थोडे बादल’ सांगितलं. दुसऱ्या दिवशी आडत्याच्या पत्रात खरं कळलं. सुदैवानं ढग कोरडेच गेले. पण मी गाडी धरून अकोल्याला गेलो.

“मुनीमजी, आपण नळ आहोत. नळानं पाण्यात साखर घालायची नसते.”

“और पानी कड़वा हो तो?”

“कडू तर कडू.”

त्यांना ते लागलं असावं. त्यानंतर ते एकेक शब्द असा सांगायचे, जसा तराजूत टाकतात.

शेवटचा तुकडा मात्र मला कोणी विकायला तयार होईना. शेंदूरजनाघाटपासून जवळच्या एका खेड्यात दादासाहेबांची आणि संघाच्या बऱ्याच सभासदांची बाग होती. गावाचं नाव लिहीत नाही. माझी दोन्हीकडची माणसं तिथे अजून राहतात. पोस्टातून सायकलवाला निरोप घेऊन गावात पोचायचा. पण बागा चहूकडे पसरलेल्या, माणसं झाडांत. दादासाहेब म्हणाले, “त्यात काय? दवंडी देऊ. गंगारामले सांग, डफडं काढ.”

गंगाराम म्हणजे माझा सख्खा मामा. त्या गावचा. फळ तोडणाऱ्या टोळीचा मुकादम. टोळी आमच्याच वस्तीची, बाया-माणसं मिळून. दादासाहेबांना वाटलं, भाच्यानं मामाला सांगायला काय जातं. मी सांगितलं.

मामा बिडी पेटवत होता. काडी त्यानं बोटांत विझू दिली.

“डफडं? गावात मेलं कोनी त मी वाजवलं. साहेब आला त मी वाजवलं. कोनाचं ढोर हरपलं त मी वाजवलं. छप्पन साली घरी आलो अन् चुलीत घातलं. तुया मामीनं त्याच्यावर भाकर शेकली.” एक झुरका घेतला. “चांगली शेकली.”

मी खाली मान घालून उठलो. वाटेला विकणाराच नसेल तर ती वाट नसते, एवढं मला कळत होतं. मामानंच मागून हाक मारली.

“भाचेबुवा, संघाच्या गोदामावर बांबू उभा कर. गार असली की लाल कपडा लाव. कोनत्याबी झाडावरून दिसन. कपड्याले कोनाच्या दारात उभं राहा लागत नाही.”

मोसम सुरू झाला. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. कपडा दोनदा वर चढला. एकदा खरंच बारीक गार पडली, आणि दादासाहेबांची निम्मी बाग तेव्हा छपराखाली होती. कमिटीत माझ्याकडे बघण्याची नजर जरा बदलली. मला अमरावतीच्या त्या बाकावर बसून असं वाटायचं की एक अदृश्य दोरा वरून खाली येतो आहे, मुंबईच्या छपरावरून, मुनीमजींच्या गादीवरून, मोर्शीच्या झाडांमधून, आणि त्याचं टोक माझ्या बोटाला बांधलेलं आहे. जरा हिसका बसला की सातपुड्याखालचं एक पान हलणार.

एप्रिलच्या तेरा तारखेला हिसका बसला. मुनीमजींचा आवाज दबलेला होता. “लिखो. वायव्य से घने बादल. पंद्रह को दोपहर बाद सातपुड़ा की तलहटी में ओले पड़ने की आशंका. बस. शक्कर नहीं डाली.”

पंधराची सकाळ फळ छपराखाली नेण्यातच जाणार, म्हणजे तोडायला एकच पुरा दिवस हातात. चौदा एप्रिल.

बाहेरच्याला यात अडचण दिसणार नाही. आमच्या वस्तीत त्या दिवसाला नुसतं ‘जयंती’ म्हणतात, आणखी काही म्हणावं लागत नाही. त्या दिवशी टोळी कोणाच्या कामावर जात नाही. सोनं तोडायचं असलं तरी नाही. वर्षभर ज्याच्या त्याच्या हाकेला ओ देणारी माणसं त्या एका दिवशी फक्त स्वतःची असतात. आणि बागेत अजून तिसरा हिस्सा फळ झाडावर लटकलेलं होतं.

शेंदूरजनाघाटहून दादासाहेबांचा उलटा फोन आला. “बीएस्सी, पुढच्या गाडीनं ये. मामाले समजाव.”

एसटीच्या खिडकीशी बसलो. बाहेर संत्र्याच्या बागा उन्हात झोपल्यासारख्या. आकाश इतकं स्वच्छ की तो निरोप खोटा वाटावा. मला मनात काहीतरी टोचत होतं, आणि मोर्शी ओलांडल्यावर ते कळलं. इतके महिने मी दुसऱ्यांच्या वाटा विकत घेत होतो. आज दादासाहेब मलाच वाट म्हणून वापरत होते.

वस्तीत पोचलो तर निळ्या पताका लागल्या होत्या. बैलगाडी सजवणं चाललं होतं. गोदामावर लाल कपडा फडकत होता, आणि तो सगळ्यांनी पाहिला होता. मामा गाडीच्या चाकाला रंग देत होता.

“आला काय? काय म्हनते तुई चांदणी?”

मी मुंबईचा मजकूर जसाच्या तसा सांगितला. ‘तोडा’ असं सांगितलं नाही. ‘तोडू नका’ असंही नाही.

“अन् दादासाहेब काय म्हनते?”

“तुले समजाव म्हणतात.”

“समजाव मंग.”

“मी निरोप सांगतो मामा. समजवायची नोकरी नाही माही.”

मामी पलीकडून म्हणाली, “गार पडली त आपलीबी महिनाभराची तोड गेली. हे त्याले कोन सांगन?”

“मले ठावं नाही काय?” मामा म्हणाला. त्यानं कुंचला डब्यात ठेवला आणि चिंधीला हात पुसले. मग उठला. “चाल.”

दादासाहेब ओसरीवर बसले होते. मला खुर्ची सांगितली. मामा अंगणात उभा होता. मीही उभाच राहिलो. खुर्ची रिकामी राहिली, आणि तिच्याकडे न बघता सगळं बोलणं झालं.

“गंगाराम, दुप्पट मजुरी देतो.”

“उद्या मजुरी नाही दादासाहेब. दुप्पटबी नाही अन् चौपटबी नाही.”

“मंग झाडावरचं फय पडू देता?”

“मिरवणूक कुठून जाते आमची?” मामानं विचारलं.

 मिरवणूक दरवर्षी नाल्याच्या काठानं, गावाबाहेरून जायची. गावातली मोठी गल्ली तिला बंद होती. कुठे लिहिलेलं नव्हतं, पण बंद होती. आणि वस्तीपासून बागेकडे जाणारा सरळ रस्ता म्हणजे ती मोठी गल्ली. टोळी रोज पहाटे त्याच गल्लीतून टोपल्या घेऊन कामावर जायची. टोपली डोक्यावर असली की रस्ता सगळ्यांचा होता.

“उद्या मिरवणूक बागेत नेतो,” मामा म्हणाला. “सरळ रस्त्यानं. पुढं गाडी, गाडीत फोटो. बागेत गेलो की ज्याच्या मनात येईन तो फय तोडन. मजुरी नाही, हजेरी नाही, मुकादम नाही. मालक लोक अन् त्यायच्या घरचेबी आमच्यासंगं तोडतीन. नाही त लाल कपडा हाये, तो हालन वाऱ्यावर.”

दादासाहेबांनी पानाचा डबा उघडला. मिटला. माझ्याकडे पाहिलं.

“हे तू शिकवलं काय बे?”

“त्याले काय येते?” मामा म्हणाला. “तो फोनवर बोलते.”

दादासाहेब उठून आत गेले. आम्ही अंगणातच उभे. आत भावकीतल्या माणसांचे आवाज चढले, उतरले. बाहेर आले तेव्हा त्यांनी आमच्याकडे नाही, वर आभाळाकडे पाहिलं. “सकायी लवकर निघा. ऊन चढलं की फय गरम होते.”

चौदा तारखेची ती सकाळ माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. पुढे पांढरे बैल, शिंगांना निळा रंग. गाडीत हार घातलेला फोटो. मागे लेझीम, आणि तिच्यामागे धुतलेली पांढरी लुगडी नेसलेल्या बाया, कोणाच्याच डोक्यावर टोपली नाही. गल्लीच्या तोंडाशी गाडी क्षणभर थांबली. बैलांनाच सवय नव्हती. मामानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि चाक वळलं. काही दारं लागली. काही उघडी राहिली. कोणी ओवाळलं नाही आणि कोणी दगडही मारला नाही. लेझीमचा आवाज दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आपटून परत येत होता, म्हणून आम्ही होतो त्याच्या दुप्पट वाटत होतो.

मग बाग. संत्र्याच्या सालीचा तो तिखट-गोड वास. पांढरी लुगडी झाडांमध्ये शिरली आणि पसरली. मी गोदामाच्या ओट्यावर उभा होतो. हिरव्यात पांढरे पुंजके हळूहळू सरकत होते, जुळत होते, सुटत होते. मला मुंबईचा तो कागद आठवला. वरून कोणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, ढग उतरलेत.

दादासाहेब आले. धोतर खोचलं आणि फळाला हात घालून ओढलं. तेवढ्यात मामी म्हणाली, “ओढू नका दादासाहेब, देठ उपटते अन् फय सडते. कातरा.”  दादासाहेबांनी हात पुढे केला. मामीनं कात्री दिली.

संध्याकाळपर्यंत झाडं हलकी झाली होती.

पंधरा तारखेला दुपारनंतर सातपुड्यावर काळं भरून आलं. वारा सुटला, धूळ उठली, गोदामावरचा लाल कपडा फाटून उडाला. दादासाहेब अंगणात तळहात पुढे करून उभे राहिले. चार टपोरे थेंब पडले. ढग गडगडत डोंगराच्या पलीकडे निघून गेले. गार तिकडे पडली म्हणे, जंगलात.

“बीएस्सी,” ते ओला हात बघत म्हणाले, “तुया चांदणीनं फसवलं.”

“तिनं ढग दाखवला होता दादासाहेब. गार दाखवली नव्हती.”

त्यांनी हात धोतराला पुसला. फळ आठ दिवस आधी उतरलं, इतकंच. बाजारात ते विकलं गेलं आणि विषय संपला, असं मला वाटलं.

पुढच्या वर्षीच्या जयंतीला मी सुटी काढून गावी गेलो. मिरवणूक निघाली, आणि मोठ्या गल्लीच्या तोंडाशी आडवी बैलगाडी लावलेली. दादासाहेबांच्या भावकीतली चार माणसं तिच्यावर बसलेली. त्यांतला एक म्हणाला, “मागच्या साली गारीचं निमित्त होतं. औंदा आभाय साफ हाये. आपल्या जुन्या वाटेनं जा.”

लेझीम थांबली. मामा पुढे झाला. त्याचा आवाज चढला नव्हता.

“भाऊ, मागच्या साली आमी इथून गेलो ना, तवा वरतून चांदणी पाहून राहिली होती. तिनं फोटो काढला. मुंबईच्या सरकारी कचेरीत जमा हाये. त्याच्यात हा रस्ता हाये, अन् रस्त्यावर आमी हावो. आता हे तुमी मिटवता कसं?”

गाडीवरच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. गलका ऐकून दादासाहेब घरातून बाहेर आले होते. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. बागेत शिरलेल्या ढोराकडे वळतात तशी.

“काय बीएस्सी?” दादासाहेबांनी विचारलं. “खरं काय हे?”

मला तो कागद दिसत होता. समुद्राची कड, पेन्सिलचं टोक, अंगठ्याचं नख. त्या नखाखाली सगळं वऱ्हाड झाकलं जात होतं, तिथे रस्ता कुठून दिसणार. मामाकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहतच नव्हता. बैलांच्या पाठीवर हात ठेवून समोर बघत होता.

“त्या दिवशीचा फोटो मुंबईच्या कचेरीत ठेवलेला आहे,” मी म्हणालो. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. साखर नव्हती.

दादासाहेबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मुंबईहून आलेली चित्रं मी त्यांच्याच टेबलावर पसरत असे. त्यात काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे त्या गल्लीत माझ्याइतकंच एका माणसाला ठाऊक होतं.

“गाडी बाजूले घ्या रे,” ते म्हणाले.

माझी ती वाट आणखी काही मोसम चालली. मग गावोगावी रेडिओ झाले, हवामान त्यावरच सांगू लागले, आणि कमिटीनं व्यवस्था बंद केली. ते बरोबरच होतं. मी शेवटचं सांगायला अकोल्याला गेलो. मुनीमजी फोनवरच्या जाळीच्या कापडाची सुरकुती काढत म्हणाले, “मिनट फिर खाली हो गया. अब किसकी तबीयत पूछें?” तोवर त्यांचे सेठजी वारले होते. नंतर मी पेट्या मोजल्या, वॅगनी भरल्या, बढत्या घेतल्या, पण दुपारी त्या वेळेला हात आपोआप फोनकडे जायचा. एक रुखरुख मात्र राहिली. त्या चौदा तारखेच्या चित्राची प्रत मी मागवून घ्यायला हवी होती. त्यात काही दिसलं नसतं, पण घरात असायला हवी होती.

गेल्या वर्षी नागपूरला एका प्रदर्शनात गेलो. आता उपग्रह आपले आहेत. भिंतीवर वरुड भागाचं भलं मोठं चित्र लावलं होतं. तिथल्या मुलीनं मला भिंग दिलं. मी शेंदूरजनाघाटवरून सरकत सरकत आलो. गोदामाचं छप्पर सापडलं, तांदळाच्या दाण्याएवढं. वस्ती सापडली. आणि वस्तीतून निघून गावाच्या मधून, सरळ, बागांच्या हिरव्यात शिरणारी एक बारीक पांढरी रेघ.

“काय शोधताय आजोबा?” तिनं विचारलं.

मी तिला भिंग परत दिलं. मामा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. पण तो खोटं बोलला नव्हता. जरा आधी बोलला होता.